मी रजेवर नव्हतो

तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी मी कामावर गेलो. मुलगा म्हणाला, पप्पा, आठवडाभर थांबा. सून म्हणाली, आमच्याबरोबर नाशिकलाच चला. तिथे ते चौथ्या मजल्यावर राहतात. मी म्हटलं, तुम्ही जावा, मला एक डबा भरून द्या. तिने दिला. चिंचणीच्या नाक्यावर टमटममध्ये बसलो आणि बोईसरला कारखान्यात आलो. कोणाला वाटेल केवढा खंबीर माणूस. तसलं काही नाही. बायकोची खाट घरातून बाहेर काढून टाकली होती आणि फरशीवर चार पायांचे चार डाग राहिले होते. ते बघत घरात बसणं मला जमत नव्हतं, एवढंच.

आमचा कारखाना जपान्यांचा. गाड्यांना लागणारे कसलेसे भाग तिथे बनतात. ते गाडीत कुठे बसतात ते मला अजून माहीत नाही. मी ऑफिसच्या पॅन्ट्रीत असतो. आपल्या लोकांना दुधाचा चहा, जपानी साहेबांना त्यांचा हिरवा, पाहुणे आले तर बिस्किटं. चौथी शिकलो आहे. आधी लोकांच्या वाड्यांत चिकू उतरवले, मग कापडाच्या गिरणीत गेलो. ती बंद पडली, तेव्हा म्हातारपणी ठेकेदारामार्फत इथे चिकटलो.

तिथे दोन भाषा चालतात. साहेब लोक जपानी बोलतात, आपली माणसं मराठी-हिंदी, आणि मधे एक पुण्याची मुलगी उभी असते. इकडचं बोलणं तिकडे आणि तिकडचं इकडे करणं हेच तिचं काम. सगळं फार गोड चालतं. आत शिरताना वाकायचं, जाताना वाकायचं. प्रत्येकाच्या नावापुढे सान लावायचं. माझं नाव तिथे कोणाला माहीत नाही. पोरं काका म्हणतात, म्हणून जपानी मला काकासान म्हणायला लागले. हे मी घरी सांगितलं तेव्हा बायको पोट धरून हसली. त्या दिवसापासून जेवायला हाक मारायची ती अशी, "ओ काकासान, या गिळायला."

आमच्या घरात बोलणं असं होतं. उभ्या जन्मात तिने मला थँक्यू म्हटलं नाही आणि मी तिला नाही. भाजीत मीठ जास्त झालं तर मी म्हणायचो, समुद्र आणलास का घरात. ती म्हणायची, पोहून दाखवा. तसंच तोंड घेऊन मी ऑफिसात जायचो. तिथे कोणाला राग यायचा नाही, कारण मधे ती पुण्याची मुलगी होती. एकदा मोठे साहेब आपला दुधाचा चहा मागून त्यात चौथा चमचा साखर घालायला लागले. मी तिला म्हटलं, "सांग त्यांना, पोट बघा आपलं." ती बराच वेळ काहीतरी जपानी बोलली. साहेब उठून उभे राहिले, वाकले, थँक्यू काकासान म्हणाले. साखर मात्र घातलीच. मी चार शब्द बोललो की ती चाळीस करायची. मला गंमत वाटायची. पोरंसुद्धा मुद्दाम मला बोलतं करायची. फोर्कलिफ्ट चालवणारा एक भय्या रोज कप तोंडाला लावून विचारायचा, "चाचा, ये चाय है कि चाय का फोटो?" मी म्हणायचो, "फोटो पण तुझ्यापेक्षा बरा हाय." असं चालायचं.

परत गेलो त्या दिवशी कोणी असं काही बोललं नाही.

गेटवरचा वॉचमन उठून उभा राहिला. हिशोबखात्यातली माणसं खाली बघू लागली. जपानी साहेब रांगेने आले आणि एकेकजण माझ्यासमोर वाकला, नेहमीपेक्षा खोल. भय्याने कप घेतला, चहा प्यायला आणि म्हणाला, "अच्छा है चाचा." मी नंतर चाखून बघितलं. चहात साखरच नव्हती. विसरलो होतो. अख्ख्या ऑफिसने तो बिनसाखरेचा चहा पिऊन टाकला आणि एकाच्याही तोंडून शब्द फुटला नाही.

आता तिथल्या एका वाक्याचं सांगतो.

सकाळी सगळे शेडबाहेर रांगेत उभे राहतात. आधी जपानी गाणं लावून हातपाय हलवायचे. मग काल काय झालं, आज काय करायचं, ते. आणि सगळ्यात शेवटी, जो कोणी रजेवरून परत आला असेल त्याने पुढे येऊन वाकायचं आणि बोलायचं. मी नव्हतो, तुम्हाला सगळ्यांना त्रास झाला, सांभाळून घेतलंत, आभारी आहे. लग्नाला गेलेला म्हणतो. बाळंत होऊन आलेली म्हणते. भय्याला कावीळ झाली होती, तर पिवळे डोळे घेऊन तोही म्हणाला. मोठे साहेब जपानहून आले की स्वतः म्हणतात, वर खाऊचा खोका ठेवतात. मीसुद्धा मागे पुतणीच्या लग्नाहून आल्यावर म्हटलं होतं. वाकलो, बोललो, मोकळा झालो. त्यात काय.

यावेळी मीटिंग शेवटाला आली आणि सगळे गप्प झाले. कोणी मला हाक मारली नाही. कोणी माझ्याकडे बघितलं नाही. नुसते उभे राहिले. मला कळलं, ही माझी वेळ. मी हललो नाही. थोड्या वेळाने साहेबांनी टाळी वाजवली आणि सगळे कामाला गेले.

ती मुलगी पॅन्ट्रीत आली.

"काका, तुमची तयारी झाली की सांगा. घाई नाही."

"कसली तयारी?"

"ती दोन वाक्यं हो. मी शेजारीच उभी राहीन."

"बायको मेली, त्याची माफी मागू?"

तिचा चेहरा उतरला. "माफी नाही काका. आपण नव्हतो म्हणून दुसऱ्यावर काम पडलं, ते आपल्या लक्षात आहे, एवढंच सांगायचं असतं."

"रजा मजेला घेतात. मी रजेवर नव्हतो. तिला पोचवायला गेलो होतो."

"बरं. मी साहेबांना सांगते, काकांना थोडा वेळ हवा आहे."

"असं नको सांगू. म्हणणार नाय, असं सांग."

ती साहेबांच्या केबिनमध्ये गेली. काचेतून दिसत होतं. ती बोलतेय, साहेब मान हलवतात, परत ती बोलतेय. बाहेर येऊन म्हणाली, "साहेब म्हणाले, तब्येतीची काळजी घ्या."

"तू काय सांगितलंस?"

"तेच."

"माझे दोन शब्द होते. एवढा वेळ काय बोलत होतीस?"

"जपानीत जरा लांबतं काका," म्हणाली आणि कप घेऊन निघून गेली.

मग हे रोजचं झालं. कसरत व्हायची, कामाचं बोलणं व्हायचं आणि शेवटी तो गप्पपणा. कोणी बोट दाखवत नव्हतं. कोणी रागावत नव्हतं. रागावले असते तर दोन शब्द मीपण दिले असते आणि विषय संपला असता. हे लोक थांबायचे. वाट बघायचे. माझ्यासाठी जागा रिकामी ठेवायचे आणि मी तिथे जात नाही म्हटल्यावर टाळी वाजवून, वाकून निघून जायचे. कोंबडं टोपलीखाली झाकतात ना, तसं वाटायचं मला. टोपलीला चारी बाजूंनी भोकं, उजेड आत येतो, पण बाहेर जायला वाट नाही.

ठेकेदाराचा सुपरवायझर पालघरचा. एक दिवस जिन्याखाली गाठून म्हणाला, "काका, बोलून टाका ना. तुमच्या बापाचं काय जातंय?"

"साहेब काय बोलले?"

"काही नाही बोलले. तोच तर प्रॉब्लेम हाय. बोलले असते तर मी समजावलं असतं. पुढच्या महिन्यात सगळ्यांचे गेटपास नवे निघणार. ठेकेदार मला विचारेल, म्हाताऱ्याचं काय करायचं? मी काय सांगू?"

मी म्हटलं, "सांग, म्हातारा जिवंत हाय."

बोललो खरा, पण मला ती नोकरी हवी होती. पगारासाठी म्हणाल तर मुलगा पाठवतो, एकट्या माणसाला लागतं किती. गेटपास गेला असता तर दिवसभर बसायचं कुठे? नाशिकला चौथ्या मजल्यावर, खिडकीला जाळी. नाहीतर घरात, त्या चार डागांसमोर. चिंचणीतही लोक तसेच झाले होते. शेजारीण ताटली ओट्यावर ठेवून, दार न वाजवता जायची. पारावर बसलो की तिथलं बोलणं हळू व्हायचं. सगळी माणसं चांगली वागत होती. इतकी चांगली की त्यांच्यात मी एकटा पडलो होतो. ऑफिस तेवढं राहिलं होतं आणि तिथे जायचं तर रोज सकाळी त्या रांगेत उभं राहायचं. वाक्य बोललो तर ती मेली हा मी लोकांना दिलेला त्रास ठरतो. नाही बोललो तर गेटपास जातो. दोन्हीकडून दार बंद.

तिचं आजारपण काही मोठं सांगण्यासारखं नाही. साखर वाढली, मग पायाची जखम भरेना, मग पालघरचं हॉस्पिटल. मी तिथेच बाकावर झोपायचो. शेवटच्या दिवसांतही तिचं तोंड बंद नव्हतं. एकदा डोळे मिटून पडली होती. मला वाटलं झोपली. तर म्हणाली, "ओ काकासान, तुमी इथं बसलाव. तिकडं चाय कोन देतंय?"

मी म्हटलं, "मरू दे त्यांची चाय."

"कोनतरी देत असंल ना. इचारलंव का?"

"नाय इचारलं. तू झोप."

हे बोलणं मी विसरून गेलो होतो.

ऑफिसात झाडू-पोछाला एक बाई आहे, मासवणची. माझ्या मुलीच्या वयाची असेल. पूर्वी दुपारी आम्ही पॅन्ट्रीत बसून डबा खायचो. मी तिच्या सुक्या बोंबलाच्या चटणीला नावं ठेवायचो आणि अर्धी चटणी खाऊन टाकायचो. मी परत आल्यापासून ती डबा बाहेर झाडाखाली खायला लागली. मला वाटलं, हीपण त्यांच्यासारखी झाली. चांगली वागायला लागली.

त्या दिवशी बाहेरचे पाहुणे येणार होते. मी फळी उघडली तर हिरव्या चहाचे कप उलटे घातलेले, एकात एक. ते तसे ठेवत नाहीत. काठ उडतात. बाई पोछा मारत होती. मी ओरडलो, "ही कपं कोनी अशी घातली? अक्कल हाय का नाय?"

तिने पोछा बादलीत टाकला. पाणी उडलं.

"मी घातली," म्हणाली. "मीच घातली. आनि मीच धुतली. आनि मीच चाय केली, रोज, तुमी नव्हते तवापासून. माझा झाडू करून, वर तुमचा चाय. पयल्या यष्टीने यायला लागायचं मला. पोरीला शाळेत सोडायला कोन नाय, तर शेजारणीच्या पाया पडली. साहेबाची ती हिरवी चाय मला काय येते? तीनदा कडू केली. तीनदा सगळ्यांनी गुड म्हनून प्यायली. मला लाज वाटून मरायला झालं."

मी कप एकेक करून सुटे करायला लागलो.

"काकी गेल्या ते वाईट झालं. मी घरी जाऊन रडली. तुमी आले तवा मला वाटलं, काका इचारतील, बाई, तू कसं केलंस? सायबाला नका सांगू काय. त्यांचं काय अडलं नव्हतं, त्यांना बसल्या जागी मिळत होती. मला एक शब्द बोलायला तुमचं तोंड झिजत होतं का? आल्यापासून फळीकडे बघतात, माझ्याकडे नाय. आनि आता म्हने अक्कल."

ती थांबली. घाबरली असावी, आपण काय बोलून गेलो म्हणून. पदराने तोंड पुसलं.

आणि मला बरं वाटलं. खोटं कशाला सांगू, अंगातून काहीतरी सुटल्यासारखं झालं. बायको गेल्यापासून मला कोणी झापलं नव्हतं. मी स्टुलावर बसलो. चाय कोन देतंय, इचारलंव का. तिने हॉस्पिटलात खाटेवरून विचारलं होतं आणि उत्तर इथे, पोछाची बादली घेऊन उभं होतं.

"चटणी हाय का आज?" मी विचारलं.

"हाय. पन देनार नाय," ती म्हणाली.

दुपारी दिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी कसरत झाली, कामाचं बोलणं झालं आणि सगळे नेहमीसारखे गप्प झाले. मी पुढे गेलो. रांगेत चुळबुळ झाली. पुण्याची मुलगी धावत माझ्या बाजूला आली. हळूच म्हणाली, "थोडक्यात बोला काका, मी सांभाळते."

"सांभाळू नको," मी म्हटलं. "मी बोलतो तेवढंच बोल."

साहेब समोर होते, पण मी तिकडे तोंड केलं नाही. झाडूवाल्या बाया रांगेच्या अगदी शेवटी, पाण्याच्या टाकीपाशी उभ्या असतात. तिकडे बघून बोललो.

"माझी बायको मेली. मी रजेवर नव्हतो. ती मेली म्हणून मी कोणाची माफी मागणार नाय."

मुलीने माझ्याकडे बघितलं. मी वाट बघत राहिलो. ती जपानीत बोलली. आज लांबलं नाही. मी जेवढा बोललो तेवढंच, माझ्याच दमात. जपानी मला येत नाही, पण एवढ्या वर्षांत तिचं गोड बोलणं कसं ऐकू येतं ते मला माहीत झालं होतं. हे तसं नव्हतं.

"माझं काम मासवणच्या बाईने केलं," मी पुढे म्हटलं. "स्वतःचं करून केलं. तिला त्रास झाला. तो मला माहीत हाय. माझी बायको मरताना विचारत होती, तिकडं चहा कोण देतो. आता मला ठाऊक झालं."

मुलीने तेही तेवढंच सांगितलं. मग मी वाकलो. आमच्या पद्धतीने नाही, त्यांच्याच पद्धतीने, कमरेतून, टाकीकडे तोंड करून. कंबर धरली. वर आलो तर मोठे साहेब वळले होते. तेही टाकीकडे तोंड करून वाकले होते. त्यांच्यामागे बाकीचे जपानी, मग सुपरवायझर, मग इकडेतिकडे बघत आपली सगळी पोरं. अख्खी रांग त्या एका बाईकडे वाकलेली. आणि ती? तिने दोन्ही हातांनी पदर तोंडावर ओढून घेतला आणि टाकीमागे गेली.

पॅन्ट्रीत आली ती भांडतच आली.

"कोनी सांगितला होता एवढा तमाशा करायला? मला एकटीला बोलले असते तर काय बिघडलं असतं? आता रोज मला सगळे वाकत बसतील. झाडू कधी मारू मी?"

"मग नको मारू."

"गप बसा. उद्या ती कपं तुमीच लावा. मी हात लावनार नाय."

तिचं म्हणणं खरं होतं. दोन-चार दिवस जो तो तिला वाकत होता आणि ती मला शिव्या घालत होती.

नवे गेटपास निघाले, त्यात माझा होता. साहेब त्या सकाळबद्दल माझ्याशी काही बोलले नाहीत. अजून माझा चहा गुडच म्हणतात, मी कितीही बिघडवला तरी. ते बदलणार नाहीत आणि त्यांनी बदलावं असं मला वाटतही नाही. पुण्याच्या मुलीने एकदा विचारलं, "काका, काकी कशा होत्या?" मी म्हटलं, तोंडाळ. ती हसली, आणि मग हे साहेबांना सांगू का म्हणाली. मी म्हटलं, सांग, पण एकाच शब्दात सांग.

पण मी वाकलो त्या दिवसाचं राहिलं. दुपारच्या चहाला भय्या आला. कप घेतला, एक घोट घेतला, थांबला. माझ्याकडे नीट बघितलं, चालेल का नाही याचा अंदाज घेत. मग म्हणाला, "चाचा, ये चाय है या किसीने कप धोया है?"

मी म्हटलं, "तुझं तोंड धुवायला दिली हाय, घे."

मासवणची बाई दारात उभी होती. ती हसली. भय्या हसला. मलापण हसू आलं.

संध्याकाळी चिंचणीला उतरलो. पारावर दोघंतिघं बसले होते, मला बघून त्यांचं बोलणं हळू झालं. मी थांबलो नाही. कुलूप काढलं. आत अंधार होता, दिवा लावला. फरशीवरचे डाग होते तिथेच होते. सकाळीच मी त्यांच्यावर पाणी टाकून घासले होते, पण निघत नाहीत ते. बायकोने विचारलेल्याचं उत्तर आता माझ्याकडे होतं. मोठ्याने बोललो नाही, एवढा वेडा झालो नाही अजून. डबा उघडला. दुपारच्या चटणीचा वास येत होता. तसाच मोरीत नेऊन घासायला घेतला. सकाळी लवकर निघायचं होतं, कपं लावायची होती.